निरोपाची धून आणि मास्तरांची कवळी

मास्तर म्हटलं की डोळ्यांपुढे खडू, फळा आणि छडी येते. हे मास्तर तसले नव्हेत, हे बँडचे मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध चौथीपर्यंतचा, आणि त्यातही जीव गुंतलेला तो फक्त घंटेत. पण क्लॅरिनेट ओठांना लावली की लग्नात रुसून कोपऱ्यात बसलेला मामासुद्धा कोट काढून नाचायला यायचा. म्हणून लोक मास्तर म्हणू लागले, आणि मग घरातली माणसंही म्हणू लागली. बायको मात्र 'अहो'च म्हणायची.

तर या मास्तरांना लेकीने आणि जावयाने जहाजाच्या सहलीला धाडलं, जोडीने. जहाज म्हणजे काय, आडवी पडलेली दहा मजली इमारतच. मास्तर मुळात चौकस. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी पानावर बसण्याआधी मोरीतला नळ उघडून, पाणी कुठून येतं ते विचारून यायचे. जहाजावर तर त्यांच्या प्रश्नांना ऊत आला. एवढ्या माणसांचे कपडे वाळत कुठे घालतात? पाव रात्री भाजतात की पहाटे? सुकाणू धरणारा जांभई आली तर काय करतो? खोली आवरणाऱ्या माणसाने टॉवेलाचा हंस करून गादीवर ठेवला होता. मास्तरांनी त्याला तो मोडायला लावला आणि परत करायला लावला, कारण मान उभी कशी राहते ते त्यांना बघायचं होतं.

"अहो, जहाज विकत घ्यायचंय का आपल्याला?" बायको म्हणाली.

"घ्यायचं नसलं म्हणून काय झालं, माहीत नको?"

एका गोष्टीबद्दल मात्र मास्तर कुणाला काही विचारत नव्हते. ती होती त्यांच्या तोंडात.

मागच्या वर्षी वरचे दात गेले आणि त्या जागी कवळी आली. कवळी बसवणारा डॉक्टर म्हणजे खुद्द जावई. मन लावून, रंग जुळवून, हिरड्यांची मापं पुन्हापुन्हा घेऊन त्याने सासऱ्यासाठी ती बनवली. मास्तर आरशात बघून खूश झाले, घरी आले, क्लॅरिनेट काढली, वरच्या दातांखाली धरून फुंकली, आणि कवळी डुगडुगली. दुसऱ्यांदा फुंकली तर सुराऐवजी बदक ओरडलं. दार लावून आठवडाभर बदकाशी झगडा केला आणि शेवटी क्लॅरिनेट पेटीत घालून पेटी कपाटावर ठेवली. जावयाला काय सांगणार, तुमचे दात माझा सूर खातात म्हणून? लेकीच्या संसारात खडा कशाला टाका. तेव्हा सगळ्यांना सांगितलं, "हौस भागली. झालं तेवढं खूप झालं."

हे ऐकून सगळे गप्प बसले, एक धाकटा भाऊ सोडून. बँड आता तोच सांभाळायचा. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत ठेवताना तो म्हणाला, "दादा, पुढच्या हंगामात तू पुढे उभा राहणार की नाही, ते परत आल्या आल्या सांग. तू नाही म्हणालास तर तुझी जागा दुसऱ्याला देतो. वर्षभर मोकळी ठेवली. आता लोक विचारतात."

"सांगतो," मास्तर म्हणाले. नाही म्हणायचं, हे ठरलं होतं. तोंडातून शब्द निघेना, एवढंच. आणि का कोण जाणे, निघताना त्यांनी क्लॅरिनेटचं माउथपीस, म्हणजे ज्यात फुंकतात तो टोकाचा तुकडा, त्यावरच्या वेताच्या पातळ पत्तीसकट रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. बायकोला वाटलं, पोटाच्या गोळ्या असतील.

जहाज फिरत फिरत एका बेटापाशी आलं. बेट कसलं, समुद्रात कुणी ताट पालथं घालून विसरून गेलं असावं असं. मधे एक टेकडी, टेकडीवर दीपगृह, उतारावर घरं आणि पायथ्याशी दगडी धक्का. इथे जहाज यायचं म्हणजे वर्षातून एखादं. धक्का लहान म्हणून जहाज लांब उभं राहिलं आणि माणसांना होड्यांतून नेऊ लागले. मास्तर होडीत पुढच्या फळीवर बसले होते. किनारा जवळ आला आणि त्यांचे कान टवकारले.

धक्क्यावर बँड वाजत होता.

बँड म्हणजे आठ-दहा माणसं. गणवेश असा नाहीच. ढोलवाल्याच्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं, मोठ्या पितळी भोंग्यात फुंकणाऱ्याच्या गळ्यात कसलीशी चावी, आणि क्लॅरिनेट वाजवत होती एक पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर चढवून. धून साधी, उड्या मारत येणारी. मास्तरांनी होडीतच गुडघ्यावर ताल धरला.

सगळे उतरल्यावर बंदराचे साहेब ओट्यावर चढले. गोल चेहऱ्याचा, घामाघूम माणूस. म्हणाले, "मंडळी, आत्ता ऐकलीत ती स्वागताची धून. आमच्याकडे दुसरीही एक आहे, निरोपाची. संध्याकाळी ती वाजेल. पण इथला समुद्र लहरी आहे. कधी दुपारीच फिरतो, मग होड्या लागत नाहीत. म्हणून निरोपाची धून कधीही कानावर आली तरी हातातलं टाकून धक्क्यावर यायचं. मागे राहिलात तर पुढचं जहाज वर्षाने."

लोक हसले, पण ऐकून ठेवलं सगळ्यांनी.

मग गंमत बघा. बँडवाल्यांनी वाद्यं धक्क्यावरच्या लांब बाकड्यावर ओळीने ठेवली आणि जो तो आपल्या कामाला चालता झाला. मास्तर बघतच राहिले. जहाजातल्या बाकीच्या बायका दीपगृह बघायला निघाल्या.

"चला ना," बायको म्हणाली.

"तू हो पुढे. मी जरा बघून येतो."

"काय बघून येता?"

"जे दिसेल ते."

तिने बाकड्यावरच्या वाद्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि बायकांबरोबर चढ चढू लागली.

मास्तरांना आता एकच नाद लागला. हे बँडवाले एरवी करतात काय? चढावाच्या रस्त्याने ते एकेका दारात डोकावत निघाले. ढोलवाला लगेच सापडला. तो बेकरीत कणीक तिंबत होता, आणि तीसुद्धा तालात. चावीवाला पाण्याच्या टाकीपाशी व्हॉल्व्ह फिरवत होता. क्लॅरिनेटवाली मात्र मिळेना. शेवटी मास्तर पोस्टात शिरले, घरी कार्ड टाकावं म्हणून. काउंटरमागच्या बाईने शिक्का मारायला हात उचलला, आणि मास्तरांची नजर तिच्या उजव्या अंगठ्यावर गेली. अंगठ्याच्या बाजूला घट्टा. सगळी क्लॅरिनेट त्या एका अंगठ्यावर तोललेली असते, तो घट्टा दुसऱ्या कशाने पडत नाही. मास्तरांनी स्वतःचा अंगठा काउंटरवर ठेवला. तिथेही तसाच घट्टा.

पोस्टातल्या बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "किती वर्षं वाजवता, काका?"

"वाजवत होतो."

"होतो म्हणजे?"

परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. उद्या कुठे भेटायचंय? मास्तरांनी काउंटरवर कोपर टेकवलं आणि बदकापासून जावयापर्यंत सगळं सांगून टाकलं. मागे कार्डं घेऊन उभे असलेले पर्यटक घड्याळं बघू लागले. बाई मात्र शिक्का हातात धरून ऐकत होत्या.

"माझ्या वडिलांचे दात गेले तेव्हा त्यांचंही हेच झालं होतं," त्या म्हणाल्या. "ते मग वरचा ओठही आत दुमडायचे. दोन्ही ओठांत धरायची, दाताला लागूच द्यायची नाही. पहिले दिवस ओठ सुजले. पण शेवटपर्यंत वाजवली त्यांनी."

"वरचा ओठही?"

"हो. आपण खालचा घेतो ना, तसाच वरचा. माझी क्लॅरिनेट आहे बाकड्यावर, बघा लावून. पत्ती तेवढी..."

"पत्ती आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांचा हात आतल्या खिशाकडे गेला. मग एकदम ओशाळून म्हणाले, "सहज आणलीय बरोबर."

"सहजच आणतात सगळे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाच्या कार्डावर शिक्का मारला.

मास्तर उतार उतरले ते जवळजवळ पळतच. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त एक सावळा, दणकट म्हातारा दोरखंडाची टोकं विणत बसला होता. होड्या आल्या की त्यांचा दोर झेलून खुंट्याला बांधायचा, आणि मधल्या वेळात वाद्यांवर लक्ष ठेवायचं, हे त्याचं काम.

"पोस्टातल्या बाईंनी सांगितलंय," मास्तर म्हणाले.

"मग घ्या की पाहुणे. मला काय, मी दोरीवाला."

मास्तरांनी रुमाल उलगडला. पत्ती जिभेवर भिजवली. बाईंच्या क्लॅरिनेटला आपलं माउथपीस बसवलं, तर ते आपल्याच घरी आल्यासारखं बसलं. पण लगेच फुंकायचा धीर होईना. माणूस अवघड काम पुढे ढकलायला बोलत सुटतो, तसे मास्तर विचारू लागले, "तुम्ही नाही वाजवत काही?"

"माझ्या हातात दोर असतो ना."

"आणि ती निरोपाची धून? ती कशी आहे?"

दोरीवाल्याने विणता विणता ती नाकातल्या नाकात गुणगुणून दाखवली. संथ, एकेक पायरी उतरत जाणारी, आणि शेवटी वळून मागे बघणारी.

आता इथे बँडवाल्यांची रीत समजून घेतली पाहिजे. लग्नात काय होतं, कुणी एक आत्येभाऊ गर्दीतून घुसत येतो, बँडमास्तरच्या कानात गाणं गुणगुणतो आणि म्हणतो, हे वाजवा. मास्तरला ते येत असो नसो, पुढच्या श्वासाला ते वाजलंच पाहिजे. 'थांबा, बसवून घेतो' म्हणणाऱ्याला पुढचं लग्न मिळत नाही. आयुष्यभर हेच केलेल्या माणसापुढे कुणी नवी धून गुणगुणली, तर तिचा अर्थ काय, ती कशासाठी आहे, हे त्याच्या डोक्यात येतच नाही. ती कानातून थेट बोटांत उतरते.

तेवढ्यात धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एक होडी आली. दोरीवाला दोर झेलायला तिकडे गेला. मास्तरांनी वरचा ओठ आत घेतला, डोळे मिटले आणि फुंकलं.

आधी बदकच आलं. दुसऱ्या फुंकीला बदकाचं पिल्लू. तिसऱ्या फुंकीला सूर. जाडसर, थरथरता, पण सूर. मास्तरांनी तो सूर धरून ठेवला, सोडवेना तो. मग बोटं हलली आणि दोरीवाल्याने दिलेली धून वाजू लागली.

होडीपाशी उभ्या दोरीवाल्याने ती ऐकली आणि तो गर्रकन वळला. हातात दोर, दोराला होडी, सोडता येईना. तो एका हाताने जोरजोरात खुणा करू लागला. मास्तरांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. लांबवर एक माणूस हात हवेत उडवतो आहे. बँडवाल्याच्या आयुष्यात हात उडवणाऱ्याचा अर्थ एकच, रंग चढलाय, अजून होऊ द्या. मास्तरांनी डोळे पुन्हा मिटले आणि छाती भरून आवाज दुप्पट केला.

टेकडीचा आकारच असा, की धक्क्यावरचा सूर वर दीपगृहापर्यंत स्वच्छ जायचा. धून संपवून मास्तरांनी डोळे उघडले, तर अख्खं बेट उतारावरून खाली येत होतं. एकाची अर्धी दाढी झालेली, गळ्यात न्हाव्याचा कपडा तसाच. एक बाई एका पायात नवी चप्पल आणि दुसऱ्यात जुनी घालून, तिच्यामागे चप्पलवाला. कुणाच्या हातात अर्धा पाव, कुणी आपलं समजून दुसऱ्याचंच पोर उचललेलं. आणि या सगळ्यांच्या मधून बँडवालेही धावत येत होते, कारण धून वाजली की त्यांनाही यावंच लागे. मास्तरांना वाटलं, वा, काय माणसं आहेत, एका धुनेला एवढी गर्दी.

बंदराचे साहेब सगळ्यांत पुढे होते. "कुणी वाजवली? समुद्र फिरला?"

सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र तेलासारखा शांत पडला होता.

दोरीवाला आला आणि त्याने मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांच्या हातात क्लॅरिनेट, ओठ सुजून लाल. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय वाजवून बसलो.

"आजोबा," साहेब हळू आवाजात म्हणाले, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं, "हे दुकानवाले वर्षभर या दिवसाची वाट बघतात."

मग ते ओट्यावर चढून ओरडले, की चूक झाली, समुद्र शांत आहे, परत फिरा. पण एकदा घाबरलेली गर्दी शब्दांनी फिरत नाही. कुणी म्हणे, हे लपवताहेत. कुणी म्हणे, आलोच आहोत तर जाऊन बसू जहाजावर. पुढचे होडीत पाय टाकू लागले. चप्पलवाला एक जुनी चप्पल हातात घेऊन बिचारा नुसता उभा होता.

पोस्टातल्या बाई गर्दीतून वाट काढत आल्या. शिक्का अजून हातातच. "काका, ओठ कसा आहे?"

"सुजलाय. पण लागला सूर. बाई, फार मोठा घोळ घातला मी."

"आता स्वागताची वाजवू या. तीच वाजली तर फिरतील."

मास्तरांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दी हा त्यांचा जन्माचा अभ्यास. "इथे उभं राहून वाजवली तर कुणी हलणार नाही," ते म्हणाले. "उभा बँड लोक बघतात. चालत्या बँडमागे लोक जातात. वर चढत वाजवायची, दीपगृहापर्यंत." आणि त्यांनी क्लॅरिनेट बाईंपुढे धरली. "तुम्ही व्हा पुढे. तुमची आहे."

बाईंनी ती घेतली नाही. बाकड्यावरच्या झांजा उचलल्या. "घोळ तुम्ही घातलाय, पुढे तुम्हीच चला. आम्ही आहोत मागे."

मास्तरांना वर जाणारा रस्ता दिसला. सरळ चढ. ओठ ठणकत होते, कवळी आतापासूनच हलत होती. शेवटपर्यंत सूर टिकला नाही तर हे सगळे लोक आणि आपणही, मधल्या रस्त्यात. आणि मग भावाला काय सांगायचं, त्याचाही निकाल लागलाच. त्यांनी श्वास घेतला, ढोलवाल्याकडे बघून मान हलवली, आणि स्वागताची धून उड्या मारत निघाली.

पहिली काही पावलं मागे फक्त बँड होता. मग लोकांनी सामान सावरलं. अर्ध्या दाढीवाला हसला आणि चालू लागला. जिचं पोर चुकून उचललं गेलं होतं ती आई ते घ्यायला पुढे आली, तीही चालू लागली. ज्यांनी होडीत पाय टाकला होता त्यांनी तो परत काढला. बेकरीच्या वळणावर मास्तरांनी मागे पाहिलं, तर सगळा रस्ता माणसांनी भरून वर येत होता.

आणि नेमकी तिथेच कवळी सुटली. सूर फाटला. ढोलवाल्याने प्रसंग ओळखून चार ठोके जास्तीचे मारले. मास्तरांनी तोंडात हात घातला, कवळी बाहेर काढली, आणि आता ही ठेवायची कुठे म्हणून इकडेतिकडे पाहू लागले.

"आणा इकडे," शेजारून आवाज आला.

बायको होती. कधीपासून बरोबरीने चालत होती कुणास ठाऊक. तिने पदराच्या टोकात कवळी घेतली, गाठ मारली आणि म्हणाली, "वाजवा."

कवळी गेली तसा वरचा ओठ मऊ बसला. सूर असा सुटला की जाडसरपणा गेला, थरथर गेली, राहिला तो मास्तरांचा जुना सूर. मास्तर दीपगृहापर्यंत वाजवत गेले, आणि तिथे पोचल्यावर कुणी थांब म्हणेना, म्हणून परत खाली बाजारापर्यंत वाजवत आले. चप्पलवाल्याकडून त्या बाईने दुसऱ्या पायातलीही घेतली.

नंतर दोघं बेकरीच्या पायरीवर बसले होते. मास्तर चहात पाव बुडवून खात होते, कारण दात पदरात होते.

"तू कशी आलीस खाली?" त्यांनी विचारलं. "निरोपाची धून ऐकून?"

"मला निरोप-बिरोप काही कळला नाही," बायको म्हणाली. "मला एवढंच कळलं की फुंकणारा माणूस माझा आहे. वर्ष झालं ऐकून. हौस भागली होती ना?"

मास्तरांनी पावाचा पुढचा तुकडा चहात बुडवला.

"आणि मी त्या गोळ्या समजत होते," ती म्हणाली. "खिशातल्या."

संध्याकाळी निरोपाची धून खरोखरच वाजली. पोस्टातल्या बाईंनी वाजवली, अगदी नेमकी. पण बेटावर एक माणूस जागचा हलला नाही. ऐकून सगळे म्हणाले, आजोबांनी पुन्हा सुरू केलं वाटतं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि घाम पुसत मास्तरांपाशी आले. "आजोबा, आता तुम्हीच आणा त्यांना."

मग मास्तर पुन्हा पुढे झाले. बँड गल्लोगल्ली फिरला आणि दारादारांतून माणसं गोळा करत धक्क्यावर आला. दोरीवाल्याने या वेळी दोन्ही हात उडवले. मास्तर लांबून ओरडले, "हे थांबा म्हणून आहे की अजून म्हणून?"

"अजून," दोरीवाला म्हणाला.

शेवटच्या होडीत बसल्यावर बायकोने पिशवीतून कवळीची डबी काढली. जावयानेच दिलेली, झाकणाची, आतून मऊ अस्तर असलेली. पदराची गाठ सोडली आणि डबी उघडली, तर आत माउथपीस, पत्तीसकट, ऐटीत बसलेलं.

"अहो, ही दातांची डबी आहे."

"आत मऊ आहे ना," मास्तर म्हणाले. "पत्तीला जपावं लागतं. दात काय, रुमालातही राहतील."

बायकोने डबी बंद केली आणि दात रुमालात गुंडाळले. होडी जहाजाच्या सावलीत शिरली.

"भाऊजींना काय सांगायचं?"

"जागा कुणाला देऊ नकोस म्हणावं."

"आणि जावयाला?"

मास्तर ओठ चाचपत विचार करू लागले. हे सांगायचं म्हणजे पोराच्या मनाला लागणार.

"त्याला मी सांगते," बायको म्हणाली. "म्हणते, दात उत्तम आहेत. फोटोत फार छान दिसतात. वाजवताना तेवढे माझ्याकडे असतात."

मास्तर हसले, वरच्या दातांशिवाय, तोंड भरून. मग एकाएकी त्यांना काहीतरी आठवलं आणि ते होडी चालवणाऱ्याकडे वळले. "काय हो, दुपारी मी वाजवलं तेव्हा तिकडे जहाजावर ऐकू गेलं होतं का?"